योगाची पहिली पायरी आणि आमच्या सवलती



गेल्या उन्हाळ्यातील एक सकाळ आम्हांस आठवते. गावातील मैदानावर चाळीसपन्नास मंडळी सतरंज्या अंथरून योगासने करीत होती. त्यांत आम्हीही होतो. तासाभराने शवासन झाले, मन निवळल्यासारखे वाटले, आणि आम्ही मोठ्या समाधानाने फाटकाबाहेर आलो. तेथे एक म्हातारी भाजी घेऊन बसली होती. मेथीच्या जुडीचे दोन रुपये कमी व्हावेत म्हणून आमच्यातील एका गृहस्थाने पाच मिनिटे हुज्जत घातली. जुडी ताजी असून तिला शिळी म्हटले, शेजारी स्वस्त मिळते असे सांगितले, आणि अखेर दोन रुपये वाचवून जुडी पिशवीत टाकली. हे गृहस्थ कोण, हे सांगण्यात संकोच कशाला? ते आम्हीच होतो.

भाव करणे हे काही पाप नव्हे. पण तो करताना दोन असत्ये आमच्या तोंडून इतक्या सहजपणे निघाली की, घरी पोहोचेपर्यंत त्यांची आठवणही राहिली नव्हती. आणि ही सारी खटपट, ज्या योगाची पहिली पायरीच सत्य आणि अहिंसा ही आहे, त्या योगाच्या वर्गातून बाहेर पडल्यावर दहा मिनिटांच्या आत! तेव्हापासून एक प्रश्न आमचा पिच्छा सोडीत नाही. योगाची ही पहिली पायरी आपण केव्हा आणि कशी ओलांडून गेलो? ओलांडून म्हणजे चढून नव्हे. तिच्यावर पाय न ठेवता, उडी मारून. आज त्या पायरीचा थोडासा इतिहास आपल्यापुढे ठेवावा असा विचार आहे.

पतंजलींच्या योगसूत्रांचा काळ विद्वान इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत धरतात. ग्रंथ अगदी छोटा. चार पाद आणि अवघी एकशेपंचाण्णव सूत्रे. काही पाठांत एकशेशहाण्णव. यांपैकी आसनाविषयीची सूत्रे किती असावीत? तीन! आणि यम-नियमांविषयीची? सलग सोळा. अष्टांगांची मोजदाद सुरू होते ती यमांपासून: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह. त्यानंतर शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान हे पाच नियम. आसनाचा क्रमांक तिसरा आहे. यम आणि नियम यांतला भेदही ध्यानात घेण्यासारखा आहे. नियम हे मुख्यतः माणसाचे स्वतःशी आणि ईश्वराशी असलेले नाते सांगतात, तर यमांतील बहुतेक सर्व दुसऱ्याशी असलेले. निर्जन अरण्यात एकट्याच बसलेल्या माणसाला खोटे बोलण्याची संधी कोठून मिळणार? तो चोरी कोणाची करणार? म्हणजे ज्या शास्त्राचा शेवट कैवल्यात, अगदी एकटेपणात होतो, त्याचा प्रारंभ मात्र माणसांच्या वस्तीत होतो. योगाची पहिली पायरी गुहेच्या तोंडाशी नसून शेजाऱ्याच्या दाराशी आहे.

हे पाच यम कोणा एका पंथाची मिरासदारीही नव्हती. जैन परंपरेत पार्श्वनाथांचा धर्म चातुर्याम म्हणून ओळखला जातो. महावीरांनी पाच महाव्रते सांगितली, आणि ती हीच पाच आहेत. बौद्धांच्या पंचशीलातही यांच्याशी मिळतीजुळती चार शीले असून पाचवे मद्यत्यागाचे आहे. जैनांनी एक व्यवहारी सोयही केली. साधूसाठी महाव्रते आणि संसारी श्रावकासाठी तीच व्रते सौम्य रूपात, म्हणजे अणुव्रते. पतंजलींनी मात्र अशी सोय ठेवली नाही. जात, देश, काल आणि प्रसंग यांच्या मर्यादा ज्यांना नाहीत ते यम म्हणजेच सार्वभौम महाव्रत, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे.

या मर्यादा म्हणजे काय, हे व्यासभाष्यात मोठ्या मार्मिकपणे उलगडून दाखविले आहे. एक कोळी आहे. तो म्हणतो, मी मासे तेवढे मारतो, दुसऱ्या कोणाला मारीत नाही. ही जातीची सवलत झाली. दुसरा म्हणतो, तीर्थक्षेत्रात मी हिंसा करणार नाही. ही स्थळाची सवलत. तिसरा चतुर्दशीला आणि पुण्यदिवशी हिंसा वर्ज्य करतो, ही काळाची. चौथा म्हणतो, देवाब्राह्मणांसाठीच मारीन, एरवी नाही, ही प्रसंगाची. हे चौघेही लबाड नाहीत, हे लक्षात घ्या. प्रत्येकाने काही तरी व्रत धरले आहे. परंतु प्रत्येकाच्या व्रताला एक खिडकी आहे, आणि त्याचा सारा व्यवहार त्या खिडकीतूनच चालतो. दीड हजार वर्षांपूर्वीचे हे चौघे आजही आमच्या गल्लीत राहतात. एक गृहस्थ घरात कधी खोटे बोलत नाहीत, पण दुकानावर बोलतात. दुसरे श्रावणात लाच घेत नाहीत. तिसऱ्यांच्या इमारतीत माणसांसाठी एक उद्वाहन आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईसाठी दुसरे!

मग ही पायरी मागे कशी पडली? योगाच्या इतिहासात एक प्रवाह आठ अंगांचा, तर दुसरा सहा अंगांचा. मैत्रायणी उपनिषदात जी सहा अंगे सांगितली आहेत, त्यांत यम-नियम नाहीत. गोरक्षनाथांच्या नावावर असलेल्या ग्रंथांत षडंगयोग आसनापासून सुरू होतो. पंधराव्या शतकातील हठयोगप्रदीपिकेने आसन हे हठाचे प्रथम अंग मानले, आणि घेरंडसंहितेच्या सात अंगांत यमाला स्वतंत्र स्थान उरले नाही. या ग्रंथकारांना नीतीची पर्वा नव्हती असे मात्र कोणी समजू नये. गुरूच्या दाराशी आलेला शिष्य सदाचार शिकूनच आलेला असणार, असे त्यांनी गृहीत धरले असावे, असा आमचा तर्क आहे. गुरू शिष्याला वर्षानुवर्षे जवळून पाहत होता, तोवर हे गृहीत चालून गेले. पुढे विद्या गुरूच्या घरातून मैदानावर आली, शिष्य ओळखीचा राहिला नाही, आणि गृहीत तेवढे शिल्लक राहिले.

महाराष्ट्राचे भाग्य असे की, त्या नाथपरंपरेतूनच आलेल्या एका पुरुषाने ही पायरी पुन्हा दाखवून दिली. १२९० साली नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन आहे, वज्रासनाचेही आहे. परंतु तेराव्या अध्यायात अहिंसा हा शब्द आला तेव्हा ज्ञानेश्वर तेथे किती वेळ थांबले ते पाहा. आधी त्यांनी हिंसेच्या पायावर उभारलेल्या अहिंसेची झडती घेतली. झाडाच्या फांद्या तोडाव्यात आणि त्यांचेच कुंपण त्या झाडाला घालावे, अशी ती अहिंसा, असा त्यांचा अभिप्राय आहे. त्यानंतर अहिंसा मनात असली म्हणजे ती माणसाच्या चालण्यात, पाहण्यात, बोलण्यात, हातांच्या हालचालीत कशी उतरते, याचे वर्णन त्यांनी ओवीमागून ओवी केले आहे. ध्यानाला बसलेल्या योग्याचे ते चित्र नव्हे. ते रस्त्याने चाललेल्या, कोणाशी बोलत असलेल्या माणसाचे चित्र आहे. योग अंगी बाणला की नाही, हे आसनावर नव्हे, चालीवरून ओळखावे, असेच जणू त्यांना सुचवायचे आहे.

सतराव्या शतकातील देहूच्या वाण्याची कथाही आपणा सर्वांस ठाऊक आहे. दुष्काळाने घर उद्ध्वस्त झाल्यावर तुकोबांनी लोकांकडील येण्याची खते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. या कथेतील अपरिग्रह सर्वांच्या डोळ्यांत भरतो. परंतु तिचा एक तपशील आम्हांस त्याहून मोलाचा वाटतो. धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची खते तुकोबांनी आधी वेगळी काढून त्यांच्या स्वाधीन केली, आणि आपल्या वाट्याचीच तेवढी बुडविली. भावाच्या पैशावर त्यांनी आपले वैराग्य साजरे केले नाही. अपरिग्रहाला अस्तेयाची मर्यादा असते, ही गोष्ट त्यांनी वह्यांच्या वाटणीतून शिकविली. कुटुंबाला उपाशी ठेवून दानशूर म्हणवून घेणाऱ्यांनी हा तपशील जरूर आठवावा.

आता आपण विसाव्या शतकाकडे वळू. १९१५ साल या बाबतीत विलक्षण आहे. त्या वर्षी जूनमध्ये पुण्यात लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले. मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११च्या हिवाळ्यात ते लिहिले गेले होते. गीतेतला योग म्हणजे मुख्यतः कर्मयोग, हे त्याचे प्रतिपादन. त्याआधी काही दिवस, २५ मे रोजी, अहमदाबादजवळ कोचरब येथे गांधीजींनी सत्याग्रहाश्रम सुरू केला. जोहान्सबर्ग येथे असताना स्नेह्यांच्या सोबतीने त्यांनी योगसूत्रे वाचली होती. आश्रमाच्या व्रतांत सत्य, अहिंसा, ब्रह्मचर्य, अस्तेय आणि अपरिग्रह, असे पाचही यम आले. त्यांच्या जोडीला अस्वाद, स्वदेशी आणि निर्भयता यांसारखी व्रते ठेवली गेली, आणि अस्पृश्यता पाळायची नाही हाही निश्चय झाला.

व्रते कागदावर उतरली, आणि काही महिन्यांतच त्यांची परीक्षा झाली. दुदाभाई, त्यांची पत्नी दानीबहन आणि तान्ही लक्ष्मी हे अस्पृश्य मानले गेलेले कुटुंब आश्रमात राहावयास आले. शेजारच्या विहिरीवरचा माणूस विटाळाच्या भीतीने शिव्या देऊ लागला. देणगीदारांनी हात आखडते घेतले. खुद्द आश्रमातील स्त्रियांना, कस्तुरबांनाही, दानीबहन स्वयंपाकघरात आलेली रुचली नाही. गांधीजींनी हे सारे आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. शिव्यांना उत्तर द्यायचे नाही आणि पाणी भरणेही थांबवायचे नाही, एवढेच त्यांनी आश्रमवासीयांना सांगितले. काही दिवसांनी तो विहिरीवरचा माणूस शरमला. पुढल्या महिन्याचा खर्च कसा भागणार, ही विवंचना असताना एक शेठ मोटारीतून आले आणि तेरा हजारांच्या नोटा हाती देऊन निघून गेले. व्रताची परीक्षा पूजाघरात होत नाही. ती पाणवठ्यावर आणि चुलीपाशी होते, हा या प्रसंगाचा धडा होय.

परंतु संसारी माणसाने महाव्रत पेलावे कसे, ही शंका काही क्षुल्लक नव्हे. ती घेऊन उभे राहिले ते खुद्द लोकमान्यच. गीतारहस्याच्या कर्मजिज्ञासा या प्रकरणात त्यांनी अहिंसा, सत्य, अस्तेय या धर्मांना कोणत्या प्रसंगी अपवाद करावा लागतो, याची कसून चर्चा केली होती. जानेवारी १९२० मध्ये त्यांनी ‘यंग इंडिया’ला पत्र लिहिले. राजकारण हा संसारी लोकांचा खेळ आहे, साधूंचा नव्हे, आणि बुद्धाच्या अक्रोधापेक्षा, जो जसा वागेल त्याच्याशी तसे वागण्याचा कृष्णाचा मार्ग या जगाला अधिक योग्य आहे, असा त्या पत्राचा आशय होता. गांधीजींनी उत्तर दिले: हे जग साधूंसाठी नाही असे म्हणणे हा बुद्धीचा आळस आहे, शिवाय या दोन वचनांत विरोध नाही, एकाच नियमाचे ते दोन प्रयोग आहेत. लोकमान्य त्याच वर्षी १ ऑगस्टला निवर्तले आणि तो वाद तेथेच राहिला.

या वादाचा निकाल देण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. मात्र एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू. लोकमान्यांनी अपवाद मांडले ते समाजाच्या रक्षणासाठी, आणि त्यांचा जो भुर्दंड पडला तो त्यांनी स्वतःच्या देहाने भरला. सहा वर्षे मंडालेस काढणाऱ्या माणसाला अपवादाचा विचार करण्याचा अधिकार होता. आम्ही मात्र त्यांच्या अपवादांची ढाल करून मेथीच्या जुडीचे दोन रुपये वाचवतो! जो अपवाद करताना स्वतःला झीज सोसावी लागते तो कदाचित धर्म असेल. ज्यात फायदा आपला आणि झीज दुसऱ्याची, ती निव्वळ सवलत होय. दोन्ही बाजूंचे थोर पुरुष एवढ्यावर तरी एकमत झाले असते, असे आम्हांस वाटते.

पुढे १९३० साली मिठाच्या सत्याग्रहानंतर गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. तेथून २२ जुलैपासून दर मंगळवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर ते आश्रमासाठी एकेका व्रतावर पत्र लिहू लागले. म्हणूनच त्या पत्रांच्या संग्रहाला ‘मंगलप्रभात’ हे नाव पडले. या पत्रांत जुने यम नवे, घरगुती अर्थ घेऊन येतात. गरज नसलेली वस्तू मालकाच्या परवानगीने घेतली तरी ती चोरीच, असे ते अस्तेयाविषयी सांगतात. स्वदेशीवर मात्र त्यांनी तुरुंगातून लिहिले नाही. त्यावर लिहायचे तर राजकारणाला स्पर्श होणार, आणि तो कैद्याला वर्ज्य. ते पत्र त्यांनी बाहेर आल्यानंतर लिहिले. ज्या सरकारचा कायदा उघडपणे मोडला, त्याच सरकारच्या तुरुंगातला नियम मात्र चोरून मोडायचा नाही! सत्याचा यम कसा पाळावा, हे त्या न लिहिलेल्या पत्रानेच अधिक शिकविले.

धुळ्याचा तुरुंगही असाच. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात अठरा रविवारी विनोबांनी तेथे गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. सहाव्या अध्यायावर बोलताना त्यांनी ध्यानयोगासाठी तीन गोष्टी सांगितल्या: चित्ताची एकाग्रता, जीवनाची परिमितता आणि समदृष्टी. परिमितता म्हणजे बोलणे, खाणे, पाहणे सारे मोजून-मापून. ज्याचा दिवस बेहिशेबी गेला त्याची रात्रीची पाच मिनिटे एकाग्र कशी होणार? पुढे १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीनांनी ऐंशी एकर जमीन मागितली, आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. भूदानाचा उगम हा. अपरिग्रह हा शब्द त्या दिवशी एकरांत मोजला गेला.

मग आसने करणे व्यर्थ काय? मुळीच नाही. मुंबईत १९१८ साली योगेंद्रांनी आणि लोणावळ्यास १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी योग सर्वसामान्य माणसासाठी खुला केला, हे ऋण आम्ही विसरत नाही. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांचा १९६६ सालचा ग्रंथ आसनांसाठी जगभर वाखाणला गेला. पण मराठीत ‘योगदीपिका’ म्हणून आलेल्या त्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात यम-नियमांचे विवेचन आसनांच्या आधी आहे. ११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन ठरविला. आता योग जगाचा झाला. आसनाचे छायाचित्र काढता येते, यमाचे काढता येत नाही. म्हणून पहिली पायरी झाकली जाण्याचा धोका आज कधी नव्हे इतका मोठा आहे.

अखेर व्यवहाराचा प्रश्न. संसारी माणसाने करावे तरी काय? पतंजलींनी त्यासाठी एक साधे हत्यार देऊन ठेवले आहे: प्रतिपक्षभावना. वाईट विचार उठला की त्याच्या परिणामाचा उलट बाजूने विचार करावा. याच ठिकाणी त्यांनी हिंसादी दोषांचे तीन प्रकार सांगितले आहेत. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले, आणि ज्याला नुसती संमती दिली असे. लोभ, क्रोध आणि मोह या तीन कारणांनी त्यांचे नऊ प्रकार होतात, सौम्य, मध्यम आणि तीव्र या भेदांनी सत्तावीस. भाष्यकारांनी हा हिशेब पुढे एक्याऐंशीपर्यंत नेला आहे. एवढी मोजणी कशासाठी? मन पळून जाण्याच्या वाटा तेवढ्या आहेत म्हणून. ‘मी कोठे केले?’ असे म्हणणाऱ्याला ते विचारतात, करविले कोणी? ‘मी करविलेही नाही’ म्हणणाऱ्याला विचारतात, मग मान कोणी डोलावली? मोबाइलवर आलेला विखारी मजकूर खरा की खोटा हे न पाहता पुढे ढकलणारे आम्ही, हातात शस्त्र न घेता या तिसऱ्या प्रकारात मोडतो.

तेव्हा रोज रात्री, जमाखर्च मांडतो त्याप्रमाणे, दिवसभरात आपण स्वतःला कोणती सवलत दिली एवढेच आठवावे: कोणत्या माणसाच्या बाबतीत, कोणत्या जागी, कोणत्या वेळी, कोणत्या निमित्ताने. भाष्यातले ते चौघे आपल्याच घरात सापडतील. पाचही यम एकदम साधावेत असा हट्ट नको. एक सवलत रद्द झाली तरी पायरीवर एक पाऊल पडले. दीर्घकाळ, खंड न पडू देता आणि आदराने केलेला अभ्यासच दृढ होतो, हे तर योगशास्त्राचे मूळ आश्वासन आहे.

त्या म्हातारीकडे आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. दोन रुपये परत देऊ लागलो, तर तिने ते घेतले नाहीत. कालचा व्यवहार काल झाला, असे म्हणून तिने वर कोथिंबिरीच्या चार काड्या पिशवीत टाकल्या. अस्तेय म्हणजे काय, हे तिला कोणी शिकविले असेल? योगसूत्रांचे नाव तिने ऐकले नसावे. पण त्या सकाळी मैदानाच्या फाटकाशी योगाच्या पहिल्या पायरीवर उभे होते ते आम्ही नव्हे, ती होती.